माघातली छाटणी

“खाट कुनी फिरवली?”

सगुणाआक्कांनी विचारलं तेव्हा श्रीरंग कोपरा झाडत होता. केरसुणी जागच्या जागी थांबली.

“वारा लागत होता त्यांना,” तो म्हणाला.

“कुनी फिरवली, असं इच्यारलं म्या. का फिरवली, ते न्हाई इच्यारलं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. न विचारलेल्याचं उत्तर आधी बाहेर पडतं.

“मी फिरवली,” श्रीरंग म्हणाला.

 मोतीबिंदू काढल्यावर मिळालेला काळा चष्मा आक्कांनी कपाळावर सरकवला आणि वाकून फरशीकडे बघितलं. खिडकीखाली चार तांबूस डाग होते, लोखंडी खाटेच्या चार पायांचे. खाट मात्र आता समोरच्या भिंतीला लागून होती. तिच्यावर निजलेल्या माणसाला चुन्याच्या भिंतीखेरीज दुसरं काही दिसलं नसतं.

त्या खाटेवर हैबतीबाबा गेले, त्याला आज नववा दिवस होता. म्हणून ती खोली धुवायला काढली होती.

मठ लहानसा, पाचगणीच्या पलीकडच्या डोंगरावरचा. पाचसहा माणसं, एक समाधी, एक गाय. आक्का त्याच्या प्रमुख. त्या भगवं नेसत नसत आणि प्रवचनाला बसत नसत. तांदूळ निवडता निवडता त्या जे बोलत, तेच तिथलं प्रवचन. त्यात शिव्याही असत.

हैबतीबाबा मठाचे माळी. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ काही लावलं, पण त्यांचा जीव होता मागच्या अंगणातल्या अकरा झुडपांवर. हायड्रेंजिया, पांढऱ्या फुलांचा. हे नाव मठात कुणाच्या जिभेवर बसलंच नाही, सगळे त्याला पांढरे गुच्छ म्हणत. वैशाख लागला की नारळाएवढाले गुच्छ यायचे आणि फांद्या त्यांच्या वजनानं वाकायच्या. हैबतीबाबा त्यांना एकेक काठीचा आधार देत हिंडायचे.

आणि श्रीरंग? श्रीरंग पुण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायच्या कामावर होता. मापात बसलं ते ठेवायचं, नाही बसलं ते मोडीत. बायको गेली, नोकरी संपली, तेव्हा मन शांत करायला म्हणून तो मठात आला. “आला मन आवरायला, आन् लागला माझी फडताळं आवरायला,” असं आक्का त्याच्या तोंडावर म्हणत. तो हसायचा. पण आपण आल्यापासून मठाला वळण लागलं, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

बागेतही तो तसाच शिरला, एक जाडजूड पुस्तक घेऊन.

“बाबा, मुळाशी तुरटी घातली की ही फुलं निळी होतात. पुस्तकात आहे.”

“गुलाबी असली तर हुत्यात,” हैबतीबाबा म्हणाले होते. “पांढऱ्याला न्हाई काय चढत.”

दुपारी पानं माना टाकायची, तेव्हा श्रीरंग बादली घेऊन धावायचा. हैबतीबाबा बादली धरून ठेवत. “थांब. उनं उतरली की उठत्यात आपली आपन. मुळं कुजवशील.” आणि संध्याकाळी पानं खरंच उठत. श्रीरंगला त्यात शिकण्यासारखं काही वाटलं नाही. अडाणी माणसाचा अंदाज कधीमधी बरोबर येतो, एवढंच त्यानं मनात म्हटलं.

कार्तिकात हैबतीबाबांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हातात आक्कांनी एक पितळी पेला दिला. खाटेच्या दांडीवर तो एकदा वाजला की पाणी हवं, दोनदा वाजला की कूस बदलायची. खाट खिडकीशी लावली, म्हणजे झुडपं समोर दिसतील. बाग श्रीरंगकडे आली आणि बाबांची सेवाही त्याच्याकडेच आली.

“कवा फिरवली खाट?” आक्कांनी विचारलं.

“वैशाखात. तुम्ही वाईला होता, डोळ्यांसाठी. ते गेल्यावरच परत आलात.”

“वैशाखात गार वारा...”

श्रीरंगनं केरसुणी भिंतीला टेकवली.

“वारा नव्हता आक्का. फुलं आली नव्हती. अकराच्या अकरा झाडांना नुसती पानं. त्यांना ते दिसू नये, म्हणून फिरवली.”

हे बोलून त्याला जरा बरं वाटलं. खोटं होतं, पण दयेपोटी होतं. असं खोटं देवालाही चालतं, असं कुणीतरी कुठंतरी सांगितलेलं असतंच.

“फुलं का न्हाई आली?”

“मी छाटली होती झाडं. माघात, उत्सवाच्या आधी. मला माहीत नव्हतं. चैत्रात पाचगणीहून रोपं घेऊन एक नर्सरीवाला आला, त्यानं सांगितलं. म्हणाला, साहेब, ह्याला गेल्या सालच्या काडीवर फूल येतं. छाटायचं ते फुलं सरली की लगेच, भादव्याच्या आत. माघात छाटलंत म्हणजे कळ्याच छाटल्यात.”

“हां,” आक्का म्हणाल्या.

त्या खाटेवर बसल्या. खाट कुरकुरली.

“माघात छाटलीस. वैशाखात खाट फिरवलीस. मधल्या दिवसांत हैबती ह्या खिडकीतनं काय बघत हुता?”

श्रीरंगला काय विचारलं ते कळलं. भिंतीला टेकवलेली केरसुणी त्यानं उगाच सरळ केली.

“बोल की.”

“खुंट,” तो म्हणाला.

“चाळीस वर्सं ज्यानं ती झाडं वाढवली, त्यानं खुंट बघितलं. मग ह्या साली फूल न्हाई, ह्ये त्याला कळाया वैशाख उजाडावा लागला व्हय?”

“...नाही.”

“मग काय लपवलंस त्याच्यापास्नं?”

बाहेर ढग खाली उतरले होते. अंगणातली झुडपं दिसत होती आणि नव्हतीही. श्रीरंग तिकडे बघत राहिला, कारण आक्कांकडे बघवत नव्हतं.

“मी तिथं काम करायचो,” तो सावकाश म्हणाला. “गवत काढायचो, पालापाचोळा घालायचो मुळाशी. आणि ते इथून बघायचे. रागानं नाही. राग असता तर चाललं असतं. नुसतं बघायचे. मी वळलो की त्यांचे डोळे माझ्यावर. मला ते... मला ते सोसेना, आक्का.”

“म्हंजे खाट तुझ्यासाठी फिरवलीस.”

“हो.”

“आन् त्याला काय सांगितलंस?”

“सांगितलं की गारवा बाधेल. आणि...” त्यानं फरशीवरचं पाणी पायानं सारलं. “आणि रोज सांगायचो, बाबा, कळ्या आल्यात. बाबा, आज दोन गुच्छ उमलले. पांढरेशुभ्र आहेत म्हणून सांगायचो. महिनाभर सांगत होतो.”

आक्कांनी डोळे मिटले. नवा डोळा अजून पाण्यानं भरून येई, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. त्यांनी तो पदरानं टिपला.

“त्यो काय करायचा?”

“काही नाही. भिंतीकडं बघायचे. खाट फिरवल्यावर त्यांनी पेला कधी वाजवलाच नाही. पाण्यालासुद्धा नाही. मी आपला अंदाजानं द्यायचो.”



श्रीरंगला वाटलं, संपलं. सगळं सांगून झालं. आता आक्का काहीतरी शिक्षा देतील, उपास सांगतील, मठातून जा म्हणतील. तो जायला तयार होता. पिशवी त्यानं कालच भरून ठेवली होती.

“म्या बी बघितलं न्हाई,” आक्का म्हणाल्या. “उत्सवाच्या घाईत मागच्या अंगनात पाय टाकला न्हाई म्या आठ दिस. ती माझी चूक. ती माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तू त्या दिसाचं सांग.”

“कोणत्या?”

“छाटलीस त्या.”

“सांगितलं की.”

“महिना सांगितलास. दिस न्हाई सांगितलास.”

श्रीरंग खाली बसला. ओल्या फरशीवर बसला. एरवी ओल्या फरशीवर तो कधी बसला नसता.

माघातली ती सकाळ स्वच्छ होती. उत्सव चार दिवसांवर आला होता. झुडपांवर गेल्या हंगामातले गुच्छ वाळून तपकिरी होऊन तसेच लोंबत होते. हैबतीबाबा ते कधी काढत नसत. श्रीरंगनं एकदा विचारलंही होतं, तेव्हा ते म्हणाले होते, “थंडीत कुनाच्या डोईचं मुंडासं काढतंय व्हय कुनी?” श्रीरंगला ती आळसाची सबब वाटली. आता बाग त्याची होती. त्यानं कात्रीला धार लावली, दोरी ताणून बांधली आणि अकराही झुडपं गुडघ्याएवढी एका रेघेत आणायची ठरवली. वाळक्या गुच्छाच्या खाली, काडीच्या टोकाशी हिरवे जाड डोळे होते. ते कात्रीखाली गेले. त्यानं ते बघितले होते. नवी पालवी असेल, पुन्हा फुटेल, असं म्हणून सोडून दिलं होतं.

“आणि पेला वाजला,” श्रीरंग म्हणाला.

“कितींदा?”

“एकदा नाही. दोनदाही नाही.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “वाजतच राहिला. थांबेच ना.”

“तू काय क्येलंस?”

“ओरडलो तिथूनच. म्हटलं, आलो बाबा, एवढी ओळ संपवून येतो.”

“पानी मागतोय असं वाटलं?”

इथं हो म्हणता आलं असतं. श्रीरंगला ती वाट स्पष्ट दिसली. इतके महिने त्यानं स्वतःला तेच सांगितलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “पाण्याचा आवाज मला ठाऊक होता. मला वाटलं... म्हाताऱ्याला सोसत नाहीये. बाग दुसऱ्याच्या हातात गेलेली बघवत नाहीये. चिडलाय. वाजवू दे. दमला की थांबेल.”

“दमला?”

“दमले.”

“कवा?”

“दुपार होत आली होती. शेवटचं झाड उरकत आलं होतं.”

आक्का उठल्या. खिडकीशी गेल्या. गजांना धरून बाहेर बघत त्यांनी विचारलं, “पेला वाजाया लागला तवा किती छाटून झाली हुती?”

कारखान्यात तीस वर्षं मोजमाप केलेला माणूस. त्याला आठवत नाही असं होणार नव्हतं.

“दीड,” तो म्हणाला.

“आन् नंतर?”

“साडेनऊ.”

आकडा खोलीत तसाच राहिला. श्रीरंगला हुंदका आला, तो त्यानं गिळला. न कळून झालेली चूक दीड झाडाची होती. बाकीची साडेनऊ त्यानं ऐकत ऐकत छाटली होती.

“मला शिक्षा द्या आक्का.”

“शिक्षा काय देऊ बापडी मी.” आक्का वळल्या. “आडवा हो.”

“काय?”

“खाटेवर आडवा हो. भिताडाकडं त्वांड कर. उजवा हात हलवायचा न्हाई. बोलायचं न्हाई.”

तो आडवा झाला. गादी काढलेली होती, लोखंडी पट्ट्या पाठीला टोचल्या. चुन्याच्या भिंतीवर एक बारीक चीर होती, खालून वर गेलेली. दुसरं काही नव्हतं. महिनाभर हैबतीबाबांनी ही चीर बघितली असणार, हे त्याच्या ध्यानात आलं.

डाव्या हातात काहीतरी गार आलं. पेला.

आक्कांची पावलं बाहेर गेली. मागचं दार करकरलं. मग शेडमधल्या खिळ्यावरून कात्री काढल्याचा आवाज आला. तो आवाज श्रीरंग झोपेतही ओळखला असता.

कच्.

तो दचकला.

कच्... कच्.

आता त्या झुडपांवर यंदाच्या नव्या काड्या होत्या, कोवळ्या, हातभर वाढलेल्या. त्याच पुढच्या वर्षी जुन्या होणार होत्या, त्यांच्यावरच फूल धरणार होतं. त्यानं रोज त्या न्याहाळल्या होत्या. त्या खुडणाऱ्या एका शेळीच्या मागं तो अनवाणी धावला होता.

त्यानं पेला दांडीवर आपटला. टण्.

कच्.

टण्. टण्. टण्.

“आले रं,” बाहेरून आक्कांचा आवाज आला. “एवढी वळ संपू दे.”

कात्री थांबली नाही. श्रीरंग पेला आपटत राहिला. मनगट दुखू लागलं. भिंतीवरची चीर पाण्यात हलल्यासारखी दिसू लागली. तोंडानं हाक मारावी तर मारायची नव्हती. उठून धावावं तर... उठता येत होतं. दोन्ही पाय धड होते. हे त्याला आठवलं तेव्हा त्याला आणखीच रडू आलं, कारण ज्याच्यासाठी तो रडत होता त्याला उठता येत नव्हतं. सकाळपासून दुपारपर्यंत. आणि ऐकू जात होतं, हे ठाऊक असून.

शेवटी तो उठला. धडपडत मागच्या दारातून बाहेर आला.

आक्का अंगणातल्या दगडी पायरीवर बसल्या होत्या. कात्री त्यांच्या मांडीवर होती. त्या ती मोकळ्या हवेत उघडत होत्या आणि मिटत होत्या. कच्. झुडपं पलीकडं होती. एकाही काडीला धक्का लागलेला नव्हता. पानांवर धुक्याचं पाणी साचून टपटपत होतं.

श्रीरंग तिथंच मातीत बसला. पेला अजून त्याच्या हातात होता.

“किती येळ वाजवलास?” आक्कांनी विचारलं.

“बराच वेळ.”

“आमटीला कढ येतो तेवढा बी न्हाई झाला.”

 खोकला आल्यासारखा हुंदका आला आणि या वेळी त्यानं तो गिळला नाही. आक्कांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, गप्पही केलं नाही. पलीकडं गाय हंबरली, तिच्या पाण्याची वेळ झाली होती.

“मी जातो आक्का,” तो म्हणाला. “मला इथं राहायचं तोंड नाही. या झाडांना दुसरा कुणीतरी बघा.”

“जा. म्या काय पाय बांधलं न्हाईत तुझं.”

तो उठला नाही.

“एकदा तरी गेलो असतो,” तो म्हणाला. “नुसतं दारात जाऊन काय पाहिजे विचारलं असतं तरी... डोळ्यांनी सांगितलं असतं त्यांनी. दहा पावलं होती. दहा पावलं नाही गेलो मी. आणि नंतर तरी सांगायचं होतं. चुकलो बाबा, एवढं. त्यांना ऐकू येत होतं की. सगळं ऐकू येत होतं त्यांना. आता कुणाला सांगू?”

आक्कांनी कात्री मिटवली. तिची कडी घातली. जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसली आणि बाजूला पायरीवर ठेवली.



धुकं सरकलं. झुडपांची ओळ उघडी पडली, अकराही एका उंचीची, श्रीरंगच्या दोरीच्या मापातली. नुसती हिरवी.

“झाडांसाठी केवढा जीव तुटला असेल हो त्यांचा,” श्रीरंग म्हणाला.

“झाडांसाठी?”

आक्कांनी चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

“छाटल्यालं झाड फुटतं रं पुन्यांदा. हैबतीला ह्ये ठावं न्हवतं, असं वाटतं व्हय तुला? त्याचं डोळं झाडांवर न्हवतं, तुझ्यावर हुतं, तूच सांगितलंस न्हवं.”